बोंबलाच्या माळ्यावरचा वारा

लग्नाकार्यात कुणी विचारलं, "तुम्ही काय करता?" की माझी पंचाईत होते. सुतार म्हणावं तर मी दारंखिडक्या करत नाही, गवंडी म्हणावं तर भिंत बांधत नाही. "जुन्या घरांच्या माळ्यावर सरपटतो," असं एकदा खरं ते सांगितलं, तर समोरचे गृहस्थ ताट घेऊन पलीकडच्या पंगतीत गेले. तेव्हापासून मी "इन्सुलेशनचं काम" एवढंच म्हणतो. लोकांना काही कळत नाही, पण मान मात्र डोलावतात.

काम तसं सोपं आहे, अंग तेवढं आखडतं. उतरत्या छपराच्या घरात वरचा मजला काढला की माणूस उभा राहील एवढी जागा मधोमधच मिळते. दोन्ही कडांना छप्पर खाली येत येत पार जमिनीशी टेकतं. तिथे प्लायवूडची आडभिंत घालून लोक खोली चौकोनी करून घेतात. त्या आडभिंतीमागे घराच्या लांबीएवढी, बुटकी, तिरक्या डोक्याची पोकळी उरते. आमच्या माणसांत तिला बगल म्हणतात. खोलीच्या छतावरही आढ्यापर्यंत अशीच पोकळी असते. उन्हाने कौलं तापली की या पोकळ्यांतली हवा भाजून निघते, तिला बाहेर पडायला वाट नसते, मग ती प्लायवूडमधून खोलीत उतरते. दुपारी उतरतेच, पण दिवेलागण झाली तरी तिचं उतरणं संपत नाही.

उपाय दोन, आणि ते जोडीनेच करावे लागतात. ग्लासवूलचं, म्हणजे काचेच्या लोकरीचं, जाड पांघरूण घालून उष्णता अडवायची, हा एक. पोकळीतल्या हवेला वाट करून द्यायची, हा दुसरा. खाली वळचणीला जाळीची भोकं, वर आढ्यापाशी झरोका. ताजी हवा खालून शिरते, तापलेली वरून निघून जाते. वीज नाही, मोटर नाही. पांघरूण सगळ्यांना पटतं, कारण काहीतरी घातलेलं दिसतं. भोकं कुणालाच पटत नाहीत. मी वळचणीशी खुणा करायला लागलो की घरातलं कुणीतरी हमखास विचारतं, "एवढी भोकं कशाला? धूळ येईल, उंदीर येतील." उंदरासाठी जाळी आहे म्हणून सांगावं तर "मग झुरळं?" माझी अर्धी हयात या संवादात गेली. उरलेली अर्धी खाजवण्यात. ग्लासवूलचे कण अंगाला लागले की काय होतं ते माझ्या बायकोला विचारा. मी आलो की ती आधी टॉवेल बाहेर टाकते, मग दार उघडते.

माणसं मात्र नाना तऱ्हेची भेटली. मुलुंडला एका जुन्या बंगलीत निवृत्त गृहस्थ राहत. वरच्या खोलीत एसी लावूनही गार होईना, म्हणून दुसरा लावायच्या बेतात होते. मी माळ्यावर गेलो तर झरोक्यात वर्तमानपत्रांचे बोळे कोंबलेले. कबुतरांच्या भीतीने त्यांनीच कोंबले होते. बोळे काढले, जाळी मारली, पांघरूण घातलं. त्यानंतर ते रोज दुपारी मला फोन करून खोलीचं तापमान कळवायचे. आधी वैताग यायचा. मग कळलं की त्या घरात दुपारी बोलायला दुसरं कुणी नाही. तेव्हापासून मीही "वा, झकास, काल किती होतं?" म्हणून विचारायला लागलो.

आरे कॉलनीत एका बैठ्या क्वार्टरच्या छतात उदमांजर व्यालं होतं. मी शिडी लावली तर घरच्या बाईंनी शिडीच धरून ठेवली. म्हणाल्या, "बाळंतीण आहे ती. पिल्लं चालायला लागली की या." नवरा उकाड्याने अंगणात खाट टाकून झोपत होता, पण त्याचं काही चाललं नाही. मी गेलो ते पिल्लांनी जागा सोडल्यावरच.

अशी घरं आता झपाट्याने चालली आहेत. उपनगरांत जिथे जिथे मी सरपटलो त्यांतली बरीच घरं पाडून टॉवर उभे राहिले. सुताराचं दार निदान भंगारात तरी जातं, माझं काम ढिगाऱ्यात दिसतही नाही. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. पण एक घर अजून उभं आहे, आणि त्याचीच हकिगत मला सांगायची आहे.

ऐन उन्हाळ्यात मला एका मुलीचा फोन आला. नाव प्रज्ञा. माझं आडनाव तिला कुणीतरी सांगितलं असावं, कारण सुरुवात "काका, जय भीम" अशी झाली. पुढचं वाक्य होतं, "वरची खोली थंड करून मिळेल का? नाहीतर आम्हाला घर सोडावं लागेल."

घर वेसाव्याच्या कोळीवाड्यात. प्रज्ञा घाटकोपरची, वडील मूळचे जालन्याकडचे. एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ती तपासणीचं काम करायची आणि तिला बहुतेक रात्रपाळी असायची. तिचा नवरा नितेश बंदरावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. दोघांनी आपापलं जमवून लग्न केलेलं. घरात तिसरी नितेशची आई, हरकूबाय. जातीवरून वाड्यात थोडी कुजबुज झाली म्हणे, पण हरकूबायने कुणाला दाद दिली नव्हती. उलट वरची खोली तिने पदरच्या पैशाने आकाशी रंगवून घेतली होती. म्हणजे या गोष्टीत वाईट माणूस कुणी नाही. त्रास होता तो कौलांचा, आणि कौलांखालच्या बोंबलांचा.

खाऱ्या पाण्याची माणसं पावसाळ्याआधी सुक्या मासळीची साठवण करतात, तिला आगोट म्हणतात. घरोघरी खाण्यापुरती असते, हरकूबायची मात्र विकण्यापुरती होती. पावसात होड्या किनाऱ्याला लागल्या, ताजी मासळी महागली की ती बोंबील आणि सुकट घेऊन अंधेरीच्या बाजारात बसायची. नवरा लवकर गेला, मुलाला तिने याच सुक्या मासळीवर वाढवलं. आणि हा सगळा साठा असायचा वरच्या खोलीच्या बगलेत. तिथे जायचं दार मुलाच्या आणि सुनेच्या खोलीतच, पलंगाच्या उशाशी.

आता बघा कसं व्हायचं. प्रज्ञा रात्रभर काम करून सकाळी घरी यायची आणि दिवसा झोपायची. दिवस चढेल तशी खोली तापायची. त्यातच हरकूबायला आगोटीचा माल आत ठेवावा लागायचा. ती बिचारी चवड्यांवर चालत यायची, पण दार उघडलं की बगलेतली गरम हवा आणि वास दोन्ही थेट प्रज्ञाच्या तोंडावर. ती मला हे जिन्याच्या पायरीवर उभी राहून हळू आवाजात सांगत होती. लॅबमध्ये कुणीतरी सगळ्यांदेखत विचारलं होतं, "आज डब्यात मासे कुणी आणलेत?" तिचा एप्रन तर सकाळीच धुतलेला होता.

"आईंना हे सांगू नका, काका," ती म्हणाली. "त्यांना वाटेल मला त्यांच्या धंद्याची घाण वाटते. आमच्याकडे पण सुकट आवडीने खातात. मला घाण नाही वाटत. मला झोप पाहिजे." तिचे डोळे भरून आले होते. मला तिची फार दया आली.

नितेशने नायगावला खोली बघून ठेवली होती. तो आईला म्हणाला, "आये, एकतर हा माल काढ, नायतर आम्ही जातो. मी कमावतो ना, आता बस कर की." मी खाली पाणी प्यायला उतरलो तेव्हा हरकूबाय ओट्यावर बसून कोयत्याची धार बघत होती. मला म्हणाली, "धंदा सोरला तं मी करू काय, भाऊ? टीवी बगू? आन नाय सोरला तं पोर जातं."

मी म्हटलं, "मावशी, आधी वर जाऊन बघू द्या."

दार उघडून आत शिरलो. बांबूच्या माचीवर गोणपाटाची पोती, वाशांना टांगलेल्या बोंबलांच्या जुड्या. उकाडा असा की चष्मा पुसायला काढला तो परत घालवेना. पण एका पोत्यात हात घातला आणि थांबलो. सुकट कुरकुरीत होती. समुद्र हाकेच्या अंतरावर, हवा दमट, तरी मालाला ओलीचा स्पर्श नाही. सुनेची झोप उडवणारा उकाडाच सासूचा माल राखत होता.

नेहमीसारखं कौलांखाली पांघरूण मारलं असतं तर खोली गार झाली असती, पण बगलही गार झाली असती, आणि पावसात माल गेला असता. नितेशचा आग्रह तोच होता. "काका, कौलांखालीच मारा ना. सगळे तसंच करतात, मी व्हिडिओ बघितलाय." मी म्हटलं, "व्हिडिओवाल्याच्या घरात बोंबील नसतील." मी ठरवलं की बगल तापू द्यायची, पण तिचा आणि खोलीचा संबंध तोडायचा. पांघरूण कौलांना नाही, आडभिंतीला आणि खोलीच्या छताला घालायचं. उशाशी असलेलं दार कायमचं बंद करून जिन्याच्या वरच्या टोकाला नवं दार काढायचं. फटी रबराच्या पट्टीने बुजवायच्या. वळचणीला भोकं, आढ्यापाशी झरोका, म्हणजे बगलेतली हवा खेळती राहील आणि वास परस्पर बाहेर जाईल.

भोकांबद्दल मी हरकूबायला स्वतः बजावलं. "मावशी, ही बुजवायची नाहीत."

"नाय बुजवीत," ती म्हणाली.

काम झालं. रात्रपाळी करून आलेली प्रज्ञा त्या दिवशी अशी झोपली की दिवस कलला तरी उठेना. हरकूबाय घाबरून वर गेली आणि ती श्वास घेतेय ना ते बघून आली. मग खाली येऊन नितेशला म्हणाली, "झोपलंय गो बाय माजी." नायगावची खोली नको म्हणून नितेशने कळवलं. मला त्या घरातून बोंबलांची एक जुडी मिळाली, ती मी खुशीत घरी नेली आणि बायकोने टॉवेलबरोबर तीही दाराबाहेरच ठेवली.

पावसाळा चांगला लागल्यावर नितेशचा फोन आला. "काका, वाट लागली. माल खराब झाला."

मी गेलो. जिन्याच्या दारातून आत वाकलो तर हवा जड आणि आंबूस. भिंतीकडच्या सुकटीला बुरशी धरली होती, एका पोत्यात किडे वळवळत होते. वळचणीला बॅटरी मारली. माझ्या प्रत्येक भोकात फाटक्या जाळ्याचा बोळा, त्यावर प्लास्टिक, नीट ठोकून बसवलेलं.

"मिरगाच्या आदी वळचन बुजवायची," हरकूबाय म्हणाली. "माज्या सासूनं शिकवलेलं. पावसाची झड आत येतं. हात आपसूक गेलं रं भाऊ." मग तिने विचारलं, "पन मी तं दरसाल बुजवतंय. आजपरेंत कवा माल गेला नाय. आताच कसा गेला?"

प्रश्न बरोबर होता. मी तिथेच पायरीवर बसून विचार केला. आधीही ती वळचण बुजवायची, पण तेव्हा आडभिंतीला ठिकठिकाणी फटी होत्या, दार होतं. बगलेतली दमट हवा खोलीतून, जिन्यातून, सगळ्या घरातून फिरत बाहेर पडायची. आता खोलीची बाजू मी बंद केली आणि वळचणीची तिने. वरच्या एकट्या झरोक्याला खालून हवाच मिळेना, तो काय करणार?

हे मी समजावून सांगत होतो, तेव्हा ती मान हलवत होती, पण तिचं लक्ष वेगळीकडे होतं. शेवटी म्हणाली, "तसं नाय. मना वास यायचा. खाली मासली कापत असले तरी वरशी वास यायचा. जरा वल लागली की वास बदलायचा, मना लगीच कलायचा. पोतं उनात काढायचं, काम झालं. आता घरात वासच नाय. मना आंधली झाल्यावानी झालंय."

ती कुणाला दोष देत नव्हती.

बोळे मी काढले. भोकांवर तिरक्या पट्ट्यांच्या लाकडी झडपा बसवतो म्हटलं, म्हणजे हवा येईल, झड येणार नाही. पण हरकूबायचं मन उडालं होतं. "नको. ह्या गुडघ्यांनी दर दिसाला जिना चरवत नाय. वास नाय तं मी बगू कशी? उरलेला माल मढच्या नणंदेला धारते. पुरे झाला."

नितेशने सुटकेचा श्वास टाकला, तो मला ऐकू आला. त्याला वाटत होतं, आई दमलीय, आता बसून खाऊ दे. त्याचंही चुकत नव्हतं. पण हरकूबायचे हात मांडीवर रिकामे पडले होते आणि ती त्यांच्याकडे बघत होती.

प्रज्ञा नुकतीच कामावरून आली होती. खांद्यावरची बॅगही न उतरवता ती दारात उभी राहून ऐकत होती. ती मला म्हणाली, "काका, आडभिंतीला माझ्या बाजूने भोक पाडता येईल?"

"कशाला?"

"वास घ्यायला."

"अगं, तो वास बंद करायलाच तर तू मला बोलावलंस."

"झोपायचं असेल तेव्हा झाकण लावीन. झोपायच्या आधी आणि उठल्यावर उघडीन. काय खराब झालंय आणि काय चांगलं आहे, लॅबमध्ये मी रात्रभर हेच बघते ना."

हरकूबायने वर बघितलं. "आन तुजी झोप?"

"झोप होते माझी आता. तुम्ही फक्त शिकवा, आई."

मीच दाबून बसवलेलं पांघरूण मी कापलं. घराघरांतून फटी बुजवत आलेला माणूस, पण त्या दिवशी करवत चालवताना हाताला मजा येत होती. उशाशी हातभर उंचीवर पोस्टकार्डाएवढी खिडकी केली, तिला लाकडी चौकट, सरकतं झाकण, कडेला रबर. झाकण लावलं की वासाचा मागमूस नाही. उघडलं की सगळी बगल नाकाशी.

हरकूबाय धापा टाकत जिना चढून आली आणि सुनेच्या पलंगावर टेकली. दोघी त्या खिडकीशी डोकी जवळ आणून बसल्या. हरकूबाय सांगत होती, "सुका बोंबील नाकाला टोचतं, तो चांगला. वल लागली की वास घशाशी बसतं, आंबूस. किडा लागायच्या आदी जुन्या पिठावानी येतं, तवा अजाबात थांबायचं नाय." प्रज्ञा डोळे मिटून लांब श्वास घेत होती आणि विचारत होती, "आता हा कुठला?" मध्येच तिला शिंक आली, तर हरकूबाय खो खो हसली. मी हत्यारं गोळा करून गुपचूप खाली उतरलो.

झडपा नीट बसल्यात का ते बघायला मी पुन्हा गेलो तेव्हा पाऊस उघडला होता, ओट्यावर चांगलं ऊन आलं होतं. मढच्या नणंदेकडे काही गेलं नव्हतं. हरकूबाय बाजारातून येऊन उरलेली मासळी निवडत बसली होती, नितेश इंजिनाचा कुठलासा भाग रॉकेलने धूत होता. वर प्रज्ञा उठल्याची चाहूल लागली. झाकण सरकल्याचा आवाज आला. मग जिन्यावरून हाक आली.

"आई, सुकटीचा वास आंबूस येतोय. आजच उन्हात काढायला पाहिजे."

नितेश हात पुसत उठला, पण आईकडे वळून म्हणाला, "तू जाऊन बघ ना आधी. नायतर उगाच खाली-वर."

हरकूबायने मासळीवरची नजरही उचलली नाही.

"मी कशाला बगू?" ती म्हणाली. "ती सांगतंय ना. उतरव पोतं."